वहिनीचं भेव

आमच्या प्रेसात मशीन सुरू व्हायच्या आधी सगळ्यांना हात वर करावे लागत. पोलिसानं पकडल्यासारखे, दोन्ही हात डोक्याच्या वर. वहिनी हिरव्या बटनाजवळ उभी राहायची आणि म्हणायची, "दाखवा." मी कटिंगच्या टेबलावरून दाखवायचो. शेठ समोर गिऱ्हाइकाशी बोलत असले तरी त्यांनाही सुटका नव्हती. "शेठ, तुमचे?" मग शेठ कपाळाला आठ्या घालून फोन धरलेला हात वर करायचे. "दुसरा?" दुसरा वर होईपर्यंत ती तशीच उभी. पत्रिका छापायला आलेले लोक हसायचे. एकदा एका नवरदेवाच्या बापानंही घाईघाईनं हात वर केले, त्याला वाटलं इथली रीतच तशी असेल. आम्ही सगळे हसलो. वहिनी हसली नाही. तिनं त्या माणसाचेही हात नीट पाहून घेतले आणि मगच बटन दाबलं.

वहिनी म्हणजे आमच्या मशीनवाल्या भाऊची बायको. दोघांची नावं मी लिहीत नाही. गोंदियात ज्यांनी त्या काळात लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, जत्रेची पोस्टरं छापून घेतली त्यांना ती ओळखू येतील, आणि बाकीच्यांना नाव कळून करायचं काय? आमचा प्रेस बाजारातल्या एका गल्लीत होता, समोर मिठाईचं दुकान. मी तिथं कटिंगवर होतो. शाळा मी फार केली नाही, पण कागद सरळ कापायला शाळा लागत नाही, आणि माझ्या हातचा कागद वाकडा निघाला असं म्हणणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

आधी मशीन भाऊच चालवायचा. त्याच्यासारखा मशीनवाला मी दुसरा पाहिला नाही, आणि त्याच्याइतका हेकटही नाही. ऑफसेटवर छापताना कधी कागदाचा तंतू, कधी शाईची सुकी कपची रोलरवर येऊन बसते. मग प्रत्येक कागदावर त्याच जागी पांढरा ठिपका उठत जातो. शहाण्या माणसानं मशीन थांबवावी, चिंधीनं पुसावं, पुन्हा सुरू करावी. भाऊला मशीन थांबवणं म्हणजे हार वाटायची. तो फिरत्या प्लेटवरून ती कपची उजव्या हाताच्या बोटानं टिचकी मारून उडवायचा. गल्लीतले लोक पाहायला उभे राहायचे. एका दुपारी त्याचा तो हात आत गेला. मी तिथं होतो. त्याबद्दल एवढंच लिहितो की मशीनचा आवाज जरासुद्धा बदलला नाही.

दवाखान्यातून भाऊ घरी आला तो भिंतीकडं तोंड करून पडला. बोलणं नाही, जेवण नाही. शेठ नागपूरहून नवा मशीनवाला आणायच्या गोष्टी करू लागले. ते कळल्यावर भाऊ पहिल्यांदा उठून बसला आणि म्हणाला, "माह्या मशीनवर दुसरा माणूस चढणार नाही."

"मंग कोण चढणार? तुमी?" वहिनी म्हणाली.

"तू."

वहिनी तेव्हा मागच्या खोलीत पानं जुळवायची, पुस्तकं शिवायची. मशीनच्या जवळसुद्धा जात नव्हती. तिनं मला नंतर सांगितलं, "भाऊजी, मले तं त्या मशीनच्या नावानंच कापरं भरे. पण मी नाही म्हटलं असतं तं हे पुन्हा भिताडाकडं तोंड करते." म्हणून ती उभी राहिली. नवऱ्याचा जुना सदरा लुगड्यावरून घालायची, बाह्या कोपराच्या वर कापलेल्या, पदर आत खोचलेला, केसांचा घट्ट अंबाडा. बांगड्या उंबरठ्यावर काढून डब्यात ठेवायची. आमच्याकडं भीतीला भेव म्हणतात. ती रोज सकाळी बांगड्या काढताना म्हणायची, "भेव वाटून राहिलं." जसं दुसरं कोणी म्हणेल, आज उकडून राहिलं. आणि आत यायची.

मशीन ती शिकली तीही भेवाच्याच अंगानं. भाऊनं तिला पाणी, शाई, कागद या क्रमानं शिकवायला घेतलं. ती म्हणाली, "थे मंग सांगा. पहिले मले हे सांगा, कोणतं चाक आत घेते आन् कोणतं बाहेर टाकते." दोन रोलर एकमेकांना लागून फिरतात तेव्हा एका बाजूनं ते आत ओढतात आणि दुसऱ्या बाजूनं बाहेर सोडतात. ओढणाऱ्या बाजूला जे येईल ते गेलं, कागद असो की बोट. वहिनीनं अख्ख्या मशीनवरच्या अशा ओढणाऱ्या जागा शोधल्या आणि जवळच्या लोखंडावर छापायच्या लाल शाईचा ठसठशीत ठिपका दिला. फिका पडला की पुन्हा द्यायची. एका गिऱ्हाइकानं विचारलं, "वहिनी, मशीनले कुंकू लावलं का?" भाऊला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "माही मशीन देवी निघाल्यासारखी दिसून राहिली," म्हणाला. वहिनी म्हणाली, "दिसू द्या."

शाळेची पोरं एकदा छपाई पाहायला आली होती, मास्तर सोबत. वहिनीनं त्यांना मशीन दाखवली ती अशी: "इथून शाई जाते, इथून पाणी जाते, इथून बोट जाते. इथून कागद जाते, इथून अख्खा हात जाते." मास्तर म्हणाले, "अहो, जरा छपाईबद्दल सांगा ना." ती म्हणाली, "थेच सांगून राहिली."

पण छपाई तिला कळत होती, आणि मला ती तिच्याकडूनच कळली. मी खिळे जुळवण्याच्या काळातला माणूस. खिळ्याचं अक्षर उठावाचं असते आणि उलटं असते, शाई लावा आणि कागदावर दाबा. मला अजून सुलट्यापेक्षा उलटं बरं वाचता येते. ऑफसेटची प्लेट म्हणजे निव्वळ पातळ ॲल्युमिनियमचा पत्रा. हात फिरवला तर काही लागत नाही. मी म्हणायचो, सपाट पत्र्यातून अक्षर निघते तरी कसं? वहिनीनं मला ओल्या प्लेटवर वाकून पाहायला लावलं. मशीन बंद करून, माझे दोन्ही हात माझ्या पाठीमागे बांधायला लावून. अक्षराच्या जागी तेलकट लेप असतो, बाकीची जागा पाणी धरून ठेवते. प्लेट लोखंडी ढोलाला गुंडाळलेली. ढोल फिरला की आधी तिच्यावरून पाण्याचा रोलर जातो, मग शाईचे. पाणी रिकाम्या जागी बसते. शाई तेलाची, ती पाणी पाहून सरकते आणि अक्षराला जाऊन चिकटते. प्लेट ती शाई दुसऱ्या ढोलावरच्या रबराला देते, आणि रबर कागदाला. प्लेट कागदाला शिवतच नाही. म्हणून प्लेटवर अक्षर सुलटं, रबरावर उलटं, कागदावर पुन्हा सुलटं.

"म्हणजे सारं पाण्यावर हाय," मी म्हटलं.

"पाणी कमी झालं का सारं काळं, जास्त झालं का सारं फिकं," ती म्हणाली. "दिवसभर त्याचंच भेव."

पाणी बरोबर आहे का कमी, हे तिला डोळ्यांनी कळायच्या आधी भाऊला कानानं कळायचं. शाई रोलरवर नीट पसरली की एक बारीक चरचर येते, तव्यावर पाण्याचा हबका मारल्यासारखी. आवाज ओला झाला की पाणी जास्त. भाऊ मशीनशेजारी स्टुलावर बसून डोळे मिटून ऐकायचा आणि म्हणायचा, "पाणी मार." किंवा, "शाई खाऊन राहिली, कमी कर." तो नसता तर पहिलं वर्षभर वहिनीची एक पत्रिका धड निघाली नसती. म्हणून त्याला आणावं लागायचं. आणि आणला की त्याचा उरलेला डावा हात सोबत यायचा.

खरं भेव त्या हाताचं होतं. ज्याला जन्मभर फिरत्या प्लेटवरून कपची उडवायची सवय, त्याचा डावा हातही तेच शिकू पाहायचा. बोलता बोलता तो हात उठायचा आणि मशीनकडं निघायचा, भाऊला पत्ताही नसायचा. वहिनी कागदावर एक डोळा ठेवायची आणि दुसरा त्या हातावर. मग तिनं युक्ती काढली. तो हात तिनं रिकामा राहूच दिला नाही. आला की चहाचा ग्लास. ग्लास संपला की ठिपके पाहायची भिंगाची डबी, "जरा पाहा बरं रंग कसा बसला." ते झालं की पेपर. मग पुन्हा चहा. गल्लीतल्या बाया म्हणायच्या, नवऱ्याचं किती करते! शेठ म्हणायचे, "उस्ताद, नसीब वाला है तू." भाऊ फुगायचा. चहा कशासाठी आहे हे फक्त मला माहीत होतं, कारण एकदा ग्लास रिकामा झालेला तिला दिसला नाही आणि भाऊचा हात प्लेटपर्यंत पोचला. तिनं मशीन बंद केली, बाहेर मोरीवर गेली आणि ओकली. परत येऊन म्हणाली, "चहा सांगतो का, भाऊजी?"

भाऊ तिला टोमणे मारायचा. तिनं कपचीसाठी मशीन थांबवली की म्हणायचा, "तू मशीन चालवून राहिली का पोया लाटून राहिली?"

"पोया लाटताना हात जात नाही."

"माह्या टायमाले अख्खी रीम निघून जाय एवढ्यात."

"हो. आन् अजून काय काय गेलं थे सांगू?"

मग मी कटिंगचं पातं खाली आणायचो, म्हणजे आवाजात सगळ्यांचं तोंड वाचायचं.

दसऱ्याला शेठ मशीनला झेंडूचा हार घालायचे, नारळ फोडायचे. वहिनीच्या घरी पूजाअर्चा नव्हती, विहारात जाणारी माणसं ती. पण ती आडवी यायची नाही, बाजूला उभी राहायची. शेठचं झालं की पहिलं काम म्हणजे हार काढणं. नुसता काढून भागायचं नाही, हाराचा दोरा अख्खा आहे का हे ती बोटानं चाचपून पाहायची. एकदा दोरा तुटका निघाला. त्या दिवशी तिनं प्रत्येक रोलर हातानं हळूहळू फिरवून तो तुकडा शोधला. शेठ प्रसादाचं ताट घेऊन तोवर उभे. तो सापडला पाण्याच्या रोलरच्या टोकाशी, वीतभरही नसेल. शेठ म्हणाले, "इतने से क्या होता, भाभी?" वहिनीनं त्यांच्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

एका वेळेला मात्र तिचा चेहरा मोकळा व्हायचा, तो म्हणजे लाईन गेली की. आमच्याकडं वीज गेली म्हणत नाहीत, लाईन गेली म्हणतात. पंखे थांबायचे, मशीन घरघरत थांबायची, समोरच्या मिठाईवाल्याच्या शिव्या ऐकू यायच्या, आणि वहिनी खांदे सोडायची. लाईन आली तरी हिरवं बटन दाबल्याशिवाय मशीन फिरत नाही, आणि बटन तिच्या हातात. तेवढा वेळ जगात भेव नव्हतं. पण काम असायचं. प्लेट वाळली की रिकाम्या जागाही शाई धरू लागतात आणि सगळा कागद काळवंडतो. म्हणून लाईन जाताच ओला स्पंज घेऊन प्लेट पुसावी लागते, मग तिच्यावर गोंदाचं पाणी फिरवावं लागते. त्यासाठी हात पार आत घालावा लागतो, प्लेटच्या ढोलाजवळ, रोलरच्या खाली. हे एक काम वहिनीनं भाऊला देऊन टाकलं होतं. लाईन गेली की ती स्पंज भिजवायची, पिळायची आणि त्याच्या डाव्या हातात द्यायची. भाऊ स्टुलावरून असा उठायचा, जसं कोणी त्याला सभेत बोलायला बोलावलं. पुसता पुसता गुणगुणायचा. वहिनी बाजूला उभी राहून पाहायची, आणि त्या वेळेला ती चक्क हसायची. मला वाटते, ती लाईन जायची वाट पाहायची.

त्या वर्षी कचारगडच्या जत्रेच्या पोस्टरांचं काम आलं. चाररंगी, मोठ्या आकाराचं. आमची मशीन एकरंगी. म्हणजे तोच कागद चार वेळा मशीनमधून काढायचा, आधी पिवळा, मग लाल, मग निळा, मग काळा. दर रंगाला नवी प्लेट, आणि मधे सगळे रोलर रॉकेलनं धुवायचे. एक रंग जरा सरकला तर माणसाच्या चेहऱ्याला दोन नाकं दिसतात. थंडीचे दिवस, शाई वाळता वाळत नव्हती. ओल्या कागदांची उंच रास केली तर शाई वरच्या कागदाच्या पाठीला लागते, म्हणून निघाले तसे कागद लहान लहान थप्प्यांनी फळ्यांवर मांडले. फळ्या भरल्यावर खाली फरशीवर मांडले. मशीनपासून पलीकडच्या भिंतीपर्यंत पाय ठेवायला जागा नव्हती. त्याच भिंतीवर मेन स्विच.

जत्रा जवळ येत होती आणि लाईन दिवसातून सारखी जात होती. दर वेळी लाईन आली की वहिनीची "दाखवा" व्हायची, मगच बटन. शेठला एकेक क्षण जड झाला होता. शेठ वाईट माणूस नव्हते. पण त्यांनी घाईत जे केलं ते आमच्याच भागातला माणूस करू शकते. आमच्याकडं धानाच्या शेतात पंपाला ऑटो लावतात. लाईन कधी येईल भरवसा नाही, शेतकरी बांधावर किती बसणार? म्हणून स्टार्टरशेजारी एक डबी बसवतात. लाईन आली की डबीवर लाल दिवा लागतो, थोडं थांबून आत टक् आवाज होतो आणि पंप आपोआप सुरू. शेठकडं जो वायरमन यायचा तो खेड्यापाड्यांत असेच ऑटो बसवत फिरायचा. त्याला मोटर म्हणजे पंप. शेठ म्हणाले असतील की मशीन लवकर सुरू होत नाही, आणि त्यानं एका सकाळी, आम्ही यायच्या आधी, आमच्या मशीनच्या स्टार्टरशेजारी एक डबी बसवून दिली. शेठ आम्हाला सांगायला विसरले. गिऱ्हाइकं होती, फोन होते.

त्या दिवशी निळा रंग चालू होता तेव्हा लाईन गेली. वहिनीनं खांदे सोडले. स्पंज भिजवला, पिळला, भाऊच्या हातात दिला. "घ्या," म्हणाली, "निळी प्लेट हाय, नीट पुसा. गुणगुणत बसू नका." भाऊनं हात आत घातला आणि गुणगुणू लागला.

मी कटिंगच्या टेबलावर होतो. समोर मिठाईवाल्याचा पंखा फिरू लागला, म्हणजे लाईन आली. कोणी दचकलं नाही. बटन तर वहिनीच्या हातात होतं. वहिनी सदऱ्याच्या टोकानं कपाळ पुसत होती, आणि पुसता पुसता तिची नजर स्टार्टरकडं गेली. मग मी तिला धावताना पाहिलं. मला काही कळलं नाही. ती ओल्या पोस्टरांवर पाय देत गेली. कष्टानं पिवळे, लाल, निळे केलेले ते कागद तिच्या पायाखाली फरफटत होते, ती एकदा घसरली, हात टेकला, उठली. मी ओरडलो, "वहिनी, पोस्टरं!" सांगतो तसंच झालं. माझ्या तोंडून पोस्टरं निघालं.

डबी टक् वाजली. मोटर हुंकारली. ढोल हलला, आणि वहिनीनं मेन खाली ओढला.

मग सगळं शांत झालं. समोरचा पंखा तेवढा फिरत होता. भाऊ वाकलेलाच होता. स्पंजाचं एक टोक रोलरनं आत घेतलं होतं आणि दुसरं टोक भाऊच्या मुठीत होतं. त्यानं सोडलं नव्हतं. मी आणि वहिनीनं त्याची मूठ उघडली तेव्हा तो म्हणाला, "स्पंज गेला." एवढंच म्हणाला.

वहिनीनं त्याला स्टुलावर बसवलं. मग त्याचं एकेक बोट धरून दाबून पाहू लागली, बाजारात भेंडी मोडून पाहतात तशी. दाबायची, त्याच्या तोंडाकडं पाहायची, पुढचं बोट धरायची. तिचे तळपाय निळे झाले होते. शेठ आतून धावत आले, "भाभी, ये क्या कर दिया, पूरा माल..." आणि तेवढ्यात त्यांना रोलरमध्ये अडकलेला स्पंज दिसला. ते तिथंच कागदाच्या गठ्ठ्यावर बसले.

"शेठ, हे डबी कोणी लावली?"

"वो वायरमन ने... टाइम बचेगा बोला."

"कोणाचा?" वहिनी म्हणाली.

शेठ उठले. त्यांनी स्वतः ती डबी पेचकसानं उचकटून काढली. 

मी तिला विचारलं, ओरडली का नाहीस? ती म्हणाली, "ओरडली असती तं हे माह्याकडं पाहाले वळले असते. तोंड वळलं असतं, हात तिथंच राह्यला असता. मी ओळखते यायले." तिच्या भावाच्या शेतात, कामठ्याला, तसाच ऑटो होता. लाल दिवा दिसला आणि तिला कळलं की आता थोडा वेळ आहे, आणि तो किती ते कोणाला माहीत नाही. ऑटो बंदच्या बटनाला जुमानत नाही, मेनच ओढावा लागते, हेही तिला तिथूनच माहीत होतं.

काम तिनं पुरं केलं. "जत्रेच्या लोकायचा काय दोष?" म्हणाली. खराब झालेले कागद नव्यानं पिवळ्यापासून काढले. पण त्या दिवसांत भाऊला तिनं स्टुलावर बसवलं नाही, दाराबाहेर बसवलं. लाईन गेली की मेन ओढून, पुन्हा पाहून, स्वतः प्लेट पुसायची. काळा रंग निघाला, पोस्टरं गेली, रोलर धुऊन झाले. ती रॉकेलनं हात पुसत माझ्याजवळ आली. "भाऊजी, मी उद्यापासून येत नाही."

मी म्हटलं, "डबी काढली ना आता? पहिल्यासारखंच झालं."

"नाही झालं," ती म्हणाली. "पहिले लाईन गेली का माहा जीव हलका व्हायचा. तेवढ्यावर मी दिवसभर भेव सोसत होती. आता लाईन गेल्यावरही भेव वाटते. मंग मी कवा श्वास घेऊ?"

मी आडमुठा माणूस, कोणाला थांब म्हणत नाही. नाहीच म्हटलं.

दोघं कामठ्याला तिच्या भावाकडं गेले. भाऊ कुरकुरला, पण गेला. धानाच्या रोवणीला ती बायांसोबत चिखलात उतरायची, आणि तिच्या भावजयीनं मला सांगितलं, एवढ्या वाकून करायच्या कामाच्या दिवसांतही ती गावभर सांगायची की मले इथं झोप लागते. प्रेस पुढं बंद पडला. फ्लेक्सची दुकानं आली, शेठनं मशीन भंगारात काढली. मी कुडव्यात मुलाकडं राहायला आलो. वर्षातून कधी कामठ्याला गेलो तर वहिनी दारातून म्हणायची, "भाऊजी, हात शाबूत हायेत ना?" शाबूत होते. अजून आहेत. मी ते माझ्या हुशारीनं राखले असं पुष्कळ वर्षं सांगत फिरलो.

गेल्या उन्हाळ्यात ती गेली. साधा ताप म्हणता म्हणता गेली. शेवटच्या दिवसांत घोटभर पाणी भाऊच पाजायचा, डाव्या हातानं. कोणीतरी पाहुणी म्हणाली, डाव्या हातानं पाजतात का आजाऱ्याला, द्या माह्याकडं. वहिनीनं तोंड मिटून घेतलं. पाहुणीनं ग्लास पुन्हा भाऊच्या त्या हातात दिला तेव्हा प्यायली. मी पायथ्याशी बसलो होतो. पिताना तिचे डोळे ग्लासाकडं नव्हते, हाताकडं होते.

आता भाऊ मेहुण्याकडंच राहतो. बसून खाणं त्याला जमत नाही. जनावरांसाठी तणसाची, म्हणजे धानाच्या वाळल्या काडाची, कुट्टी करायची मशीन त्यांनी घेतली आहे, मोटरवरची. तिच्यावर तो बसतो. डाव्या हातानं पेंढी उचलतो आणि मशीनच्या तोंडात सारतो, आतून पातं फिरते. मेहुणा म्हणतो, करू द्या, त्यायचं मन लागते. मेहुण्याचं बरोबर आहे. मी ते पहिल्यांदा पाहिलं त्या दिवशी शेवटची बस येईपर्यंत तिथून हललो नाही. तेव्हापासून मी बस धरून जातो. मुलगा ओरडतो, या वयात कायले जाता एवढ्या दूर? मी कोणाचं ऐकत नाही, हे त्याला माहीत आहे.

परवा भाऊनं पेंढी खाली ठेवली आणि म्हणाला, "काऊन येऊन राहिला तू सारखा? कुडव्यात करमत नाही का?"

"नाही करमत."

"मंग बस. पण माह्या हाताकडं पाहू नको. तुह्या वहिनीनं जन्मभर थेच केलं."

"मी कुठं हाताकडं पाहून राहिलो? मी बैल पाहून राहिलो."

"बैल तिकडं हाय."

मी तोंड बैलाकडं फिरवलं. पण डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसतेच. तो पेंढी उचलतो की माझा श्वास अडकतो. हात रिकामा बाहेर आला की सुटतो. पुन्हा पेंढी. संध्याकाळच्या बसपर्यंत हे असंच चालते, आणि बसमध्ये बसल्यावर मनात येते, उद्या सकाळी तो कुट्टीवर एकटाच बसेल.